मुलांना कला केंद्रात न्यायचंय ना, मग पैसा वसूल करायला जाऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पिंपळे सौदागर उपनगरात राहणाऱ्या एक आई, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 चा. घराजवळच्या सांस्कृतिक केंद्रात रविवारी मुलांसाठी सकाळी मातीकाम, तळमजल्यावर चित्रांचं प्रदर्शन आणि दुपारी बालनाट्य असा भरगच्च कार्यक्रम होता. सगळे हौसेने गेले. धाकट्याने आधी मातीला हातच लावला नाही, मग लावला तो सोडेना, प्रदर्शनात पळापळ केली, आणि नाटकात अंधार झाल्याबरोबर जे भोकाड पसरलं ते पार्किंगमध्ये येईपर्यंत. मोठी म्हणाली बोअर आहे. तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच. आता विचारतायत की न्यायचं तरी कसं, की अजून दोन-तीन वर्षं थांबायचं.

थांबू नका. आणि मुलांचं काही चुकलेलं नाहीये हे आधी सांगते. मी गेली 23 वर्षं मुलांबरोबर मातीकाम आणि चित्रकला करतेय, पहिली काही वर्षं पेठेत आणि मग उपनगरातल्या केंद्रांमध्ये, आणि तुमच्यासारखा रविवार मी दर महिन्याला टेबलाच्या पलीकडून बघते. सकाळी 10 ला आलेलं हसरं कुटुंब दुपारी 2 ला एकमेकांशी न बोलता बाहेर पडतं. चार वर्षांच्या मुलाला एका दिवसात माती, चित्रं आणि नाटक म्हणजे आपल्याला एका दुपारी तीन लग्नं. तिन्हीकडे जेवायचं.

यात गोम एकच आहे, आपल्या डोक्यातलं ‘पैसा वसूल’. आलोच आहोत तर हेही बघू, तेही करू, तिकीट काढलंय तर शेवटपर्यंत बसू. आणि याचसाठी मी उपनगरातल्या लोकांना म्हणते की तुम्हाला जवळचं केंद्र आहे ही लॉटरी समजा. पिंपळे सौदागरहून रविवारी गाडी काढून, ट्रॅफिकमधून रखडत, पार्किंग शोधत पेठेतल्या बाजीराव रोडला पोचलात की माणूस दोन तास वसूल केल्याशिवाय हलत नाही, मग मुलाला भूक लागो, झोप येवो. तेच पिंपळे गुरवला निळू फुले रंगमंदिर, औंधला भीमसेन जोशी रंगमंदिर, चिंचवडला रामकृष्ण मोरे, इथे गेलात आणि 35 मिनिटांत मूल कंटाळलं तर सरळ घरी या, दुपारी वरणभात खाऊन झोपा, काहीही बुडालं नाही. जवळच्या जागेचा खरा फायदा हा की तिथून लवकर निघता येतं. आणि निघता येतं म्हणून परत जाता येतं. मला विचाराल तर वर्षातून एकदा मोठ्ठी सहल करण्यापेक्षा त्याच एका साध्या केंद्रात महिन्यातून दोनदा 40-40 मिनिटं जा, तिथला वॉचमन मुलांना नावाने हाक मारायला लागला की समजा काम झालं.

वेळ. चार वर्षांचं मूल असेल तर सकाळी साडेदहा ते बारा, बास. एक ते तीन ही त्याची झोपेची वेळ आणि नेमका त्याच वेळात, साडेबाराला वगैरे, नाट्यगृहांचा दुपारचा प्रयोग असतो, त्यामुळे बालनाट्याला जाऊन रडलेली निम्मी मुलं घाबरून नाही तर झोप आल्यामुळे रडतात असं माझं ठाम मत आहे. आणि घरून पोट भरून न्या. तिथे गेल्यावर वडापाव घेऊ असं म्हणाल तर पोरं तिथे वडापाव खायलाच आली आहेत असं होतं, मग ना माती ना चित्र, सारखं ‘कॅन्टीन कधी’.

आता मातीबद्दल जरा लांबण लावते कारण माझा प्रांत तो आहे.

तुमच्या धाकट्याने आधी हात लावला नाही, मग सोडेना, हे मी इतक्या वेळा बघितलंय की ते झालं नाही तर मला चुकल्यासारखं वाटतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला ‘हात घाण होतील’ हे दोन वर्षांचा असल्यापासून शिकवलेलं असतं, आणि एके रविवारी अचानक आई म्हणते घाल हात, तर त्याला खरं वाटत नाही. म्हणून अशा मुलाला मी आधी माती देतच नाही. त्याच्यासमोर स्वतः मळत बसते. त्याच्याशी बोलत पण नाही. ओल्या मातीचा गोळा पाटावर आपटला की एक ‘थप्’ असा आवाज येतो, तो आवाज बहुतेकांना गप्प बसू देत नाही, तिसऱ्या-चौथ्या आपटण्याला पोरगं म्हणतंच, मी करू? मग गोळा त्याच्या हातात. तुमच्या केंद्रात असं करणारं कोणी नसेल तर तुम्ही करा, तुमचे हात आधी माखू देत, साडीला, जीन्सला लागेल तर लागू दे.

एकदा हात लागला की पुढचा अर्धा तास चार वर्षांचं मूल काय करतं माहितीये? अंगठा घुसवतं. भोक पाडतं, बुजवतं, परत पाडतं. बस. आणि मागे आई उभी असते, ‘अरे काहीतरी कर ना, गणपती कर, निदान साप तरी कर, बघ त्या दादाने किती छान केलंय’. अहो तो करतोय! अंगठा किती दाबला की माती किती सरकते, पाणी जास्त झालं की चिखल होतो, कमी झालं की कडा फाटतात, हे सगळं त्याचं चाललेलं असतं आणि त्याला वस्तू नकोच असते. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकाने मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या 1947 मध्ये मांडल्या, त्यात साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत नुसत्या रेघोट्या आणि चार ते सातमध्ये कुठे पहिली ओळखू येणारी माणसं, ते डोक्यालाच हातपाय फुटलेले वाले, ते येतात. पायऱ्या काही घड्याळ लावून येत नाहीत, पण चार वर्षांच्या मुलाकडून गणपतीची अपेक्षा का करू नये ते कळायला एवढं पुरे.

चाकाचं सांगते, कारण सगळ्यांना चाकच हवं असतं. ‘ताई, व्हील आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो. आहे. पण सहा-सात वर्षांखालच्या मुलाला चाकावर बसवलं की खरं काम ताईच करते, मूल वरून हात ठेवतं, आईबाबा व्हिडिओ काढतात, 5 मिनिटांत वाटी तयार, पुढचा नंबर. चाकावर माती आधी मध्यावर आणावी लागते आणि ते करायला खांद्यातून जोर लागतो, मोठ्या माणसांना सुद्धा ते जमायला आठवडे जातात. म्हणून लहानांना हाताने करू द्या. गोळ्यात अंगठा घालून चिमटीने कडा वर ओढत नेलेली वाटी, किंवा चकलीसारख्या वळ्या करून एकावर एक रचलेलं भांडं. तुमच्या 9 वर्षांच्या मुलीला वळ्यांचं भांडं मस्त जमेल, फक्त दोन वळ्या जोडताना दोन्हीकडे रेघा मारून मधे पातळ चिखल लावायला सांगा, नाहीतर वाळल्यावर भांड्याची वळी न वळी सुटते. आणि जाडी बोटापेक्षा जास्त नको.

हे जाडीचं मी स्वतःच्या फजितीतून शिकलेय. एका जुलैमध्ये मुलांच्या कामाचं प्रदर्शन ठरलं होतं, तारीख पुढे ढकलायची माझी तयारी नव्हती, आणि पुण्याच्या पावसाळ्यात माती आठ-आठ दहा-दहा दिवस वाळत नाही. वरून कोरडी दिसली, हाताला मात्र गार लागत होती. गार लागली म्हणजे आत ओल आहे, हे मला चांगलं माहीत होतं, तरी भट्टी लावली. आत पाणी राहिलं की त्याची वाफ होते, तिला बाहेर यायला वाट मिळत नाही आणि वस्तू फुटते. 11 वस्तू गेल्या. त्यात एका मुलीचा हत्ती होता, भरीव, पोट हे एवढं. तिने तुकडे बघितले, रडली वगैरे नाही, नुसतं म्हणाली ‘ताई, त्याचं पोट भरलं होतं ना म्हणून’. तेव्हापासून माझ्या वर्गात प्रत्येक हत्तीला खालून पोकळ करतो आणि पावसाळ्यात भाजलेली वस्तू तीन आठवड्यांच्या आत मागायची नाही असं आधीच सांगते. तुम्हाला कुठे ‘संध्याकाळी भाजून घेऊन जा’ असं सांगितलं तर समजा की ती भाजलेली नाहीये, वाळवून रंगवलेली आहे, पाणी लागलं की विरघळणार. त्यात वाईट काही नाही, फक्त मुलाला त्यातून दूध प्यायला देऊ नका.

मोठी बोअर झाली म्हणता ना, तिला भट्टीचं विचारायला लावा. करडी-तपकिरी दिसणारी माती भाजल्यावर लाल का होते? तिच्यात लोखंडाचा अंश असतो, तो तापल्यावर हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून लाल होतो, गंजासारखंच. साधी कुंभाराची माती 900 ते 1000 डिग्रीच्या आसपास भाजतात. 9 वर्षांच्या मुलांना हे आकडे फार आवडतात, आई पोळी करते तो तवा किती डिग्री असेल, असं मग सुरू होतं. या वयात मुलं ‘मला येत नाही’ म्हणायला लागतात कारण त्यांना स्वतःचं काम आणि खरी वस्तू यातला फरक दिसायला लागलेला असतो, आणि त्यांना धाकट्या भावाच्या टेबलावर बसवलं की अपमान वाटतो. बोअर म्हणजे बहुतेक वेळा तेच. तिला वेगळं टेबल, वेगळं काम, आणि शक्य असेल तर वेगळं मोठं माणूस. एक पालक एका मुलाबरोबर, किंवा आजी-आजोबांना न्या. खरं सांगायचं तर माझ्या वर्कशॉपला येणाऱ्या लोकांत सगळ्यात उत्तम सोबत आजोबांची, कारण त्यांना घाई नसते आणि फोटो नीट काढता येत नाही. आणि आजी असल्या तर विचारा त्यांना, लहानपणी अंगण शेणाने सारवायच्या तेव्हा हात कसा फिरवायच्या, ठिपक्यांची रांगोळी कशी मोजायच्या, मुलं केंद्रातल्या ताईपेक्षा ते जास्त ऐकतात.

गणपतीच्या आधीच्या महिन्यात सगळीकडे शाडूची वर्कशॉप्स असतात, तिथे गर्दी असते आणि बऱ्याच ठिकाणी साच्यातून काढलेली मूर्ती नुसती चिकटवायची असते. साच्याला माझी ना नाही, पण मग मुलाचं त्यात काय? धाकट्याला उंदीर द्या. शेंगदाण्याएवढा लाडू, दोन कान, एक शेपटी, आणि तो उंदीर मात्र घरच्या गणपतीसमोर खरोखर ठेवा. शाडू भाजत नाहीत, वाळल्यावर ठिसूळ असतो, सोंड नि हात पहिल्यांदा तुटतात, हे घरी नेताना लक्षात ठेवा. डबा न्या, पिशवी नको.

आता केंद्र निवडताना काय विचारायचं. फी, वेळ, एकदाच येता येतं की पूर्ण बॅच घ्यावी लागते, हे तर तुम्ही विचारालच. मी दोन गोष्टी सांगते. एक, एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं. सहा वर्षांखालची असतील तर मी 8 च्या वर घेत नाही, मोठी असतील तर 15. दुसरी, मुलाच्या कामाला शिकवणारे स्वतः हात लावतात का. सुरुवातीच्या काळात मी एका ठिकाणी शिकवायचे, नाव नको, तिथे सहा वाजता मुलं गेली की आम्ही ताया बसून सगळ्यांची चित्रं ‘टच-अप’ करायचो. डोळे नीट करायचे, कडा काळ्या करायच्या, आभाळ भरायचं. पालक खूश, ॲडमिशन वाढायच्या. एका मुलाने दुसऱ्या दिवशी स्वतःचं चित्र हातात घेतलं आणि म्हणाला हे माझं नाहीये, आणि त्याची आई त्याला समजावत होती की अरे तुझंच आहे, तुझं नाव आहे ना खाली. मी महिनाअखेरीस सोडलं ते. त्यामुळे कुठेही गेलात की भिंतीवर लावलेली मुलांची चित्रं बघा, सगळ्या झाडांची खोडं सारखी आणि सगळ्या सूर्यांना डोळे-तोंड असेल तर चहा पिऊन घरी या.

आणि एलिमेंट्री-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी कधीपासून करून घ्यायची असं चौथीच्या आत विचारू नका प्लीज. परीक्षा चांगली आहे, दहावीला वाढीव मार्क मिळतात, सगळं मान्य. पण वेळ आहे हो त्याला.

प्रदर्शन. चार वर्षांच्या मुलाची अडचण अशी, की चित्रं मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली असतात, त्याला खालून नुसती चौकट आणि लाइटची तिरीप दिसते, मग तो पळणार नाही तर काय करणार, गुळगुळीत फरशीचा रिकामा हॉल आहे! उकिडवं बसा, त्याच्या उंचीवरून तुम्हीच एकदा बघा काय दिसतं. मग कडेवर घ्या आणि फक्त पाच चित्रं बघा. पाच. हॉलमध्ये पन्नास असली तरी. ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, मुलांना लगेच वाटतं परीक्षा आहे. त्यापेक्षा ‘यातलं कुठलं आपल्या घरी न्यायचं, कुठे लावायचं’ असं विचारा, तुमच्या मुलीला हा प्रश्न दिलात तर ती सगळा हॉल स्वतः फिरेल, कारण एकच न्यायचं असेल तर सगळी बघावीच लागतात. माझ्या भाचीने एकदा एक अख्खं काळं चित्र निवडलं होतं, म्हणाली बाथरूममध्ये लावू, तिथे दिवा गेला तर कळणार नाही.

आपल्याकडे कलादालनांत एक सोय आहे जी लोक वापरतच नाहीत. बालगंधर्वच्या कलादालनात किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात हॉल भाड्याने घेऊन प्रदर्शन लावलेलं असतं आणि चित्रकार बऱ्याचदा स्वतः तिथे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले असतात. दुपारी कोणी येत नाही, ते पार कंटाळलेले असतात. मुलाला घेऊन सरळ जा आणि म्हणा, याला विचारायचंय हे तुम्ही कशाने काढलं. मी आजवर एकाही चित्रकाराला मुलावर वैतागलेलं बघितलेलं नाही, बहुतेक जण ब्रश नाहीतर नाइफ काढून दाखवतात. आणि टेबलावर अभिप्रायाची वही असते, त्यात मोठे लोक ‘अप्रतिम’, ‘खूप सुंदर’ लिहून सही करतात. मुलाला त्यात चित्र काढू द्या. विचारून, अर्थात.

बालगंधर्वला जायचं असेल तर गाडी नका काढू, मेट्रोने जा. तुमच्याकडून कासारवाडीला बसायचं, डिस्ट्रिक्ट कोर्टला (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट) गाडी बदलायची आणि छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरायचं. डिस्ट्रिक्ट कोर्टचं स्टेशन जमिनीखाली जवळपास 33 मीटर आहे, नुसते ते सरकते जिने चढण्यात धाकट्याचा निम्मा आनंद वसूल. (बघा, शब्द सुटत नाही माझ्याही तोंडचा.) बालगंधर्व 1968 चं आहे, आपल्या लहानपणी आपणही तिथेच बालनाट्यं बघितली, पण ते तुम्ही मुलांना पाचदा सांगू नका.

मोठीला एकटीला न्यायचं असेल तर बालेवाडीचं आर. के. लक्ष्मण म्युझियम तुम्हाला जवळ पडेल, 2022 मध्ये झालंय. व्यंगचित्रातलं राजकारण तिला कळणार नाही, पण चौकड्याचा कोट घातलेला तो कॉमन मॅन प्रत्येक चित्रात कुठे उभा आहे हे शोधायला लावा आणि मग विचारा तो बोलत का नाही. पेठेत जायचा हट्टच असेल तर राजा केळकर संग्रहालय, पण तिथे सुद्धा एकच गोष्ट ठरवून जा. दिनकर केळकरांनी ते आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं आणि 20,000 च्या आसपास वस्तू आहेत, सगळ्या बघायच्या म्हणालात तर मोठ्या माणसाला सुद्धा ग्लानी येते. आम्ही मुलांना नेतो तेव्हा फक्त अडकित्ते. आधी अडकित्ता म्हणजे काय तेच निम्म्यांना माहीत नसतं, पणजोबा सुपारी कातरायचे तो, असं सांगायचं, आणि मग त्यातलेच पक्षी, घोडे, माणसं शोधायची. अर्ध्या तासात बाहेर. तिथले जुने दिवे पुढच्या वेळी.

नाटकाचं. धाकटा अंधाराला घाबरला त्याला उपाय साधा आहे, त्याला तिसऱ्या घंटेचं आधी घरी सांगा. पहिली घंटा झाली की लोक येतात, दुसरी झाली की बसतात, तिसरी झाली की दिवे जातात आणि पडदा उघडतो. घरी ताटली वाजवून, ट्यूब बंद करून खेळा हा खेळ दोन दिवस. माहीत असलेला अंधार मुलांना आवडतो, न सांगता आलेला नाही. जागा कडेची घ्या, रांगेच्या टोकाची आणि जरा मागची. पुढच्या रांगेत स्पीकरचा आवाज आणि चेटकीण दोन्ही अंगावर येतात, आणि एसी असला तर एक पातळ शाल ठेवा. रडला तर समजावत बसू नका, उठून बाहेर, दाराच्या फटीतून बघू दे, बरीच मुलं बाहेरून अर्धं नाटक बघून हळूच आत येतात. नाही आला तर नाही आला. एका मोठ्याने मोठीबरोबर आत थांबायचं हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर दर वेळी धाकट्यामुळे तिचं अर्धवट राहतं आणि मग ती ‘बोअर’ म्हणते, तिचं खरं म्हणणं वेगळंच असतं.

चेटकीण-राक्षसवाली नाटकं पाच वर्षांखाली मी टाळते. मोठीला मात्र ग्रिप्स थिएटरचं एखादं नाटक लागलं तर जरूर न्या. मूळ बर्लिनचं, मोहन आगाशे वगैरे मंडळींनी 1986 मध्ये पुण्यात आणलं, त्यात राजा-राणी-परी काही नसतं, मुलांचे घरातले, शाळेतले खरे प्रश्न असतात आणि मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. सुरुवातीला पोरं फिदीफिदी हसतात, दाढीवाला काका चड्डी घालून रुसलाय म्हणून, आणि दहा मिनिटांत विसरून जातात. प्रयोग संपल्यावर घाई करू नका, परवानगी मिळाली तर विंगेत घेऊन जा, राक्षसाचा मुखवटा खुंटीला टांगलेला एकदा बघितला ना, की रात्रीची अर्धी भीती गेली.

बारीकसारीक. आत शिरल्याबरोबर पहिल्यांदा टॉयलेट कुठे आहे ते वॉचमनला विचारा, बाकी सगळं नंतर. नखं आदल्या दिवशी कापा. कपडे जुने, आणि मुलाला सांगून ठेवा की हे घाण करायचे कपडे आहेत. कपड्यावर माती लागली तर ओली असताना चोळू नका, वाळू द्या, मग ब्रशने झटका आणि मग धुवा. पोस्टर कलर निघतो, ॲक्रेलिक वाळला की निघत नाही, तो कुठला रंग आहे हे आधी विचारा. मातीचे हात बेसिनमध्ये धुवू नका, बादलीत धुवा, आमच्या केंद्राचा पाइप पहिल्या वर्षात दोनदा फोडावा लागलाय. आणि धाकट्याला दमा किंवा सारखी सर्दी असेल तर टेबलं कोरड्या फडक्याने झटकतात की ओल्या फडक्याने पुसतात ते बघा, कोरड्या मातीची बारीक धूळ छातीला चांगली नाही. मोबाइल खिशात. एक फोटो काढा, शेवटी, काढल्यावर लगेच फॅमिली ग्रुपवर टाकत बसू नका, मुलं बघत असतात तुम्ही कुठे बघताय ते.

आणि धाकटा जो काही गोळा घेऊन घरी येईल, तो निदान दोन महिने टाकू नका. त्याचं काय आहे हे तो दर वेळी वेगळं सांगेल, आज डोंगर, उद्या कासव, ते ऐकून घ्या आणि शोकेसमध्ये नाही तर त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवा. आमच्या स्वयंपाकघरात माझ्या मुलाचा एक डायनोसॉर आहे, तीन पायांचा. चौथा 2009 मध्येच फ्रीजखाली गेला. मुलगा आता नोकरीला लागलाय, तरी दर दिवाळीला फ्रीज हलवला की तो येऊन खाली वाकून बघतोच.